मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा अनेक

मुंबईच्या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचं हवाई अंतर साधारण १२,५४० किलोमीटर आहे. दोन्ही विमानतळ जागचे हलत नाहीत, म्हणून हा आकडाही हलत नाही. वेळेचं मात्र तसं नाही. मुंबईहून थेट जाणारं विमान पंधरा-सोळा तास घेतं, आणि परत येताना एरवी तास-दीड तास आधीच पोहोचतं. जानेवारीत एक वेळ लागते, जुलैत दुसरी. वाटेतल्या एखाद्या देशाने आपलं आकाश बंद केलं की तिसरी. शिवाय ज्या १२,५४० किलोमीटरवर आपण हिशोब मांडतो, नेमकं तेवढंच अंतर कापणारं विमान शोधूनही सापडणार नाही. अमेरिकेत मुलं-नातवंडं असलेल्या घरांत ‘किती तासांचा प्रवास?’ हा प्रश्न वर्षातून कितीदा तरी निघतो. त्याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आधी अंतर कसं मोजतात ते पाहायला हवं.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर तो काढा आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर. दोरा सैल असताना तो अरबस्तान, इजिप्त अशा वाटेने आडवा पडेल. आता तो हळूहळू ताणा. ताण बसू लागला की दोरा सरकत सरकत उत्तरेला चढतो. पूर्ण ताणल्यावर तो कुठून जातो ते बोटाने चाचपत बघा : सिंध, अफगाणिस्तानचा दक्षिण भाग, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम कड, मग रशिया. सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड, स्वीडन, पुढे आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्राडोर आणि मग खाली न्यूयॉर्क. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि न्यूयॉर्क जेमतेम ४१ अंशांवर, पण या दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट ६४ अंशांच्याही वर जाऊन येते.

हाच प्रयोग भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने केला तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी जाऊन अटलांटिक ओलांडते. दिसायला ती सरळसोट, पण लांबी भरते जवळपास १४,२०० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा सोळाशेहून अधिक किलोमीटर जास्त, विमानाच्या वेगाने दोन तासांचा फेरा. दोष रेघेचा नाही. आपल्या परिचयाचा नकाशा नकाशाकार मर्केटरने १५६९ साली जहाजांसाठी आखला. होकायंत्राची दिशा न बदलता जाता यावं ही त्यांची गरज होती आणि ती हा नकाशा चोख भागवतो. त्यासाठी गोल पृथ्वी सपाट करताना ध्रुवांकडचा भाग ताणावा लागतो, आणि त्या ताणात जवळची वाट कमानीसारखी वाकडी दिसू लागते. विमानातल्या पडद्यावर ‘आपण एवढे वर का चाललोय?’ असं वाटतं ते याचमुळे.

गोलावर ताणलेल्या दोऱ्याची ही वाट ज्या वर्तुळाचा तुकडा असते, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. हे वर्तुळ गोलाचे बरोबर दोन समान भाग करतं. विषुववृत्त हे असं एक बृहद्वृत्त. अंतर जितकं मोठं आणि ते जितकं पूर्व-पश्चिम, तितका नकाशावरची रेघ आणि खरी वाट यांतला फरक वाढतो. मुंबई-दिल्लीत तो जाणवतही नाही. मुंबई-लंडनमध्ये ७,२०० आणि ७,४०० असा दोनशे किलोमीटरचा निघतो. मुंबई-न्यूयॉर्कमध्ये तो एवढा मोठा होतो.

अंतर काढायला चार आकडे पुरतात : दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश. मुंबईचे १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्लीचे २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून गोलीय त्रिकोणमितीचं सूत्र लावलं की मुंबई-दिल्ली ११४० किलोमीटरच्या आसपास येतं. संगणकात सर्रास वापरलं जाणारं हे सूत्र उत्क्रमज्येच्या (१ वजा कोसाइन) अर्ध्यावर उभं आहे, आणि उत्क्रमज्या आपल्या ज्योतिर्गणितात शेकडो वर्षं वापरात होती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त गोलाचं गणित सांगणारा ‘गोलाध्याय’ हा स्वतंत्र भाग आहे. त्या काळी ही गणितं ग्रहांची स्थानं काढायला लागत, आज त्याच जातीच्या गणिताने तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावर अंतर उमटतं. मला या सलगतेचं फार अप्रूप वाटतं.

दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवापाशी ६,३५७. तिला नुसती गोल धरणारं आणि तिचा चपटेपणा हिशोबात घेणारं, अशा दोन सूत्रांच्या उत्तरांत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या पल्ल्यावर तो काही किलोमीटरचा असतो. वैमानिक किलोमीटरऐवजी सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. त्यांच्या भाषेत मुंबई-दिल्ली सुमारे ६१५ मैल.

इथपर्यंत भूमिती झाली. आता घड्याळ.

मोठी जेट विमानं आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांनी उडतात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५५ अंशांच्या आसपास असते. तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर, म्हणजे विमानाचा ताशी ९००. या वेगाने मुंबई-दिल्ली भागाकार केला तर सव्वा तास येतो. तिकिटावर मात्र सव्वादोन तास छापलेले असतात. मधला एक तास जातो कुठे?

मुंबईत विमान टर्मिनलच्या दरवाजापासून मागे ढकललं जातं त्या क्षणापासून कंपनीचं घड्याळ सुरू होतं आणि दिल्लीत जागेवर जाऊन थांबलं की बंद होतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि वेळापत्रकात छापतात ती वेळ हीच. मागे ढकलल्यावर इंजिनं सुरू करून धावपट्टीच्या तोंडाशी जायचं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या तासाला पुढे पाच-सात विमानं उभी असतात. पंधरा-वीस मिनिटं इथेच सरतात. उड्डाण बहुतेक वेळा पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने. दिल्ली उत्तरेला असली तरी खिडकीतून आधी जुहू-वर्सोव्याचा किनारा आणि अरबी समुद्र दिसतो, मग विमान उजवीकडे वळतं. पूर्ण उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि चढताना वेग कमीच असतो. उतरण्याचा ठोकताळा दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल. ३५,००० फुटांवरून खाली यायचं तर १०५ मैल, म्हणजे जवळजवळ २०० किलोमीटर आधीच उतार सुरू करावा लागतो. चढ आणि उतार मिळून चारेकशे किलोमीटर गेले. ११४० पैकी पूर्ण वेगाची मजल उरली सातशे-साडेसातशेची. त्यात दिल्लीजवळ रांग असली तर गोल घिरट्या, हिवाळ्यात धुकं असलं तर आणखी. उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंत दहा-पंधरा मिनिटं.

शिवाय विमान ताणलेल्या दोऱ्यावरून जात नाही. आकाशात नेमून दिलेले टप्पे असतात, ते जोडत जावं लागतं, आणि बरंचसं आकाश हवाई दलासाठी राखीव असतं. २०२० च्या मे महिन्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं होतं की भारताच्या हवाई क्षेत्रापैकी फक्त ६० टक्के नागरी विमानांना मोकळं मिळतं, आणि ही बंधनं सैल केली तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. हे पैसे वाचणार ते वाट सरळ झाल्यामुळे. माझ्या मते विमान प्रवासातली सर्वांत दुर्लक्षित सुधारणा हीच आहे. नवे टर्मिनल सगळ्यांना दिसतात, आकाशातला सरळ झालेला रस्ता कुणाला दिसत नाही.

लांबच्या प्रवासात रांगेची वीस मिनिटं किरकोळ ठरतात. तिथे खरा मालक वारा असतो.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर तापमानातला फरक तीव्र असतो, पृथ्वी फिरत असते, आणि या दोन्हींमुळे हे झोत तयार होतात. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो, तसे झोतही जोर धरतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओईशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. निष्कर्ष जगभर पोहोचावेत म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो भाषेत छापले, आणि नेमकं त्यामुळेच फारसं कुणी वाचलं नाही. १९४४ मध्ये जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बी-२९ विमानांना हाच वारा लागला तेव्हा त्याची दखल घेणं भाग पडलं.

खाडीतल्या होडीला भरतीचं पाणी जसं सोबत घेऊन जातं, तसा हा झोत विमानाला वाहून नेतो. होडीचं वल्हं तेवढंच चालतं, पण काठावरची झाडं भराभर मागे पडतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे अटलांटिकवरचा झोत जोरात होता. तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं, एरवी सहा तासांहून अधिक लागतात. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण ते आवाजाच्या वेगाला ओलांडून गेलं नव्हतं. भोवतालची हवाच त्याच्यासोबत चालली होती.

आपल्या देशातलं उदाहरण याहून बोलकं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान सुरुवातीला युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेने, पूर्वेकडे पॅसिफिकवरून नेलं. ही वाट १५,३०० किलोमीटर, चक्क १,४०० किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. भागून बघा, सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरच्या पुढे जातो. पहिल्या वाटेवर वारा तोंडावर होता, दुसरीवर पाठीशी. लांबची वाट लवकर संपली. अंतरावरून वेळ काढता येत नाही याचा याहून ठोस पुरावा दुसरा नसेल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जाताना वाऱ्याने खाल्लेला वेळ येताना परत मिळतो, मग हिशोब सारखाच, असं वाटतं. तसं होत नाही. १२,५०० किलोमीटर ताशी ९०० ने दोन्ही वेळा कापले तर जाऊन-येऊन २७ तास ४७ मिनिटं लागतील. आता जाताना ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून धरा आणि येताना तेवढाच मागून. जाताना ८०० चा वेग, १५ तास ३७ मिनिटं. येताना १,००० चा, साडेबारा तास. बेरीज २८ तास ७ मिनिटं. वीस मिनिटं गेली ती गेलीच, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं आणि मागच्या वाऱ्यात कमी.

दुसरा प्रश्न मुलं हमखास विचारतात : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग विमानाने नुसतं वर थांबावं, खालून न्यूयॉर्क आपोआप येईल की. मुंबईची जमीन खरोखरच ताशी १,५८० किलोमीटरने पूर्वेकडे सरकते आहे. पण तिच्यावरची हवाही तिच्यासोबतच फिरते आणि त्या हवेत तरंगणारं विमानही. म्हणून वर थांबलेल्या विमानाखाली मुंबईच राहील. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो वाऱ्याच्या मार्फत, आणि तो झोत आपण पाहिलाच.

वाऱ्याहून अवघड अडथळा माणसांनी घातलेला आहे. प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून पाकिस्तानचं आकाश बंद झालं ते १६ जुलैला उघडलं. तोवर इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावं लागत होतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. दिल्ली ते ताश्कंद अंतर सुमारे १,६०० किलोमीटर, मुंबई-दिल्लीच्या दीडपटही नाही. पण मधलं आकाश मिळेना, वळसा इंडिगोच्या विमानांच्या पल्ल्यात बसेना, आणि ती सेवा थांबवावी लागली. दोऱ्यावरचं अंतर एका किलोमीटरनेही वाढलं नव्हतं.

उत्तरेला रशियाचीही तीच गोष्ट. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या विमानांना रशियावरून जाता येईना. फिनएअरचं हेलसिंकी-टोकियो विमान नऊ-साडेनऊ तासांत पोहोचायचं, ते तेरा तासांवर गेलं आणि चक्क उत्तर ध्रुवावरून जाऊ लागलं. आपला मघाचा दोराही रशियावरूनच गेला होता. त्या मार्चमध्ये अमेरिकेच्या युनायटेड कंपनीला न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कहून मुंबईची सेवा तात्पुरती थांबवावी लागली.

इतिहासात मागे वळून पाहिलं तर वेळ कमी झाली ती विमानं वेगवान झाल्याने जितकी, तितकीच मुक्काम गळल्याने. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि मुंबईकर लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागले. मधे न थांबता एअर इंडियाचं विमान मुंबई-न्यूयॉर्क थेट जाऊ लागलं २००७ मध्ये. ७०७ च्या आणि आजच्या जेटच्या वेगात फारसा फरक नाही. बदलली आहे ती इंधन वाहून नेण्याची ताकद आणि इंजिनांची काटकसर.

आता घरच्या कामाचं. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नका. समजा जानेवारीत विमान मुंबईहून रात्री १ वाजता निघालं आणि पावणेसोळा तास उडालं. आपल्याकडे दुपारचे पावणेपाच वाजलेले असतील. न्यूयॉर्क तेव्हा साडेदहा तास मागे असतं, म्हणून तिथे सकाळचे सव्वासहा, तारीख तीच. घड्याळं पाहून प्रवास सव्वापाच तासांचा वाटेल. परतीला दुपारी १२ ला निघून चौदा तास उडालात तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे साडेबारा होतात, म्हणजे घड्याळात साडेचोवीस तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे असतात, त्या काळात फरक साडेनऊ तासांचा धरा.

आई-वडिलांना एकटं पाठवताना तिकिटावर ‘कालावधी’ म्हणून छापलेली वेळ बघा, मधे विमान बदलायचं असेल तर दोन विमानांमध्ये किमान तीन तास हाताशी ठेवा, कारण आधीचं विमान वाऱ्याने किंवा वळशाने उशिरा येऊ शकतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, तारीख नीट वाचा. अमेरिका-युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४५ अशी वेळ असेल, तर १४ तारखेला रात्री लवकर जेवून घरातून निघायचं आहे.